डबा मोठा केला, पण दुसरी प्रत कुठं आहे?

आज पाककृती नाही, पाहुणीशी गप्पा नाहीत. आज आम्ही तुम्हाला आमच्या केंद्राच्या आतल्या खोलीत नेणार आहोत. तिथं फडताळात एक काळा डबा ठेवलाय. आकारानं म्हणाल तर एक पायली ज्वारी कशीबशी मावेल एवढा. पुढं दोन हिरवे दिवे लुकलुकतात, आतून पंख्याचा बारीक आवाज येतो. केंद्रात आलेल्या बायका विचारतात, "हे काय, इन्व्हर्टर का?" इन्व्हर्टर नाही. त्याला दुकानदार 'नॅस' म्हणतात. आम्ही डबाच म्हणतो.

डब्यात दोन हार्ड डिस्क बसवलेल्या असतात. डबा एका तारेनं राउटरला जोडलेला असतो, म्हणजे इंटरनेटची ती अँटेनावाली पेटी असते ना, तिला. मग त्या राउटरवर जेवढे कॉम्प्युटर आणि फोन असतील, ते सगळे या डब्यात सामान ठेवू शकतात आणि काढू शकतात. घरातल्या सगळ्यांचं मिळून एक कोठार. आमच्या रेकॉर्डिंगच्या पोरी फोनवरून त्यात मुलाखती टाकतात, संपादन करणारी ताई कॉम्प्युटरवरून त्या उचलते. ग्रामसंघाच्या ताया त्यांच्या नोंदवह्यांची पानं स्कॅन करून त्यातच ठेवतात, कारण त्यांचं कार्यालय आमच्या शेजारच्याच खोलीत आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठलाय डबा? हळूहळू येतोय. ग्रामसंघात, शाळेत, लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडं, एखाद्या मास्तरांच्या घरी. आणि डबा नसला तरी फोन आहेच. आज जे सांगणार आहोत त्यातलं बरंचसं फोनलाही लागू पडतं. आणि आमच्याकडून जी चूक झाली ती कुणाकडूनही होऊ शकते, म्हणून ती आधी सांगतो.

आमच्या गावात एक आजी होत्या. नाव घेत नाही, घरच्यांना ते नकोय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली-कोल्हापूरकडची गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा आजींचं घरही बुडालं. पाणी ओसरल्यावर गाळातून त्यांनी आपलं जातं काढलं आणि त्या पुरावर ओव्या रचल्या. स्वतःच्या. कुणाकडून ऐकलेल्या नव्हेत. आम्ही दोन दुपारी बसून त्या रेकॉर्ड केल्या. एकूण अकरा रेकॉर्डिंग झाली. त्यातली दोन-तीन रेडिओवर लागली, बाकीची 'पुढं कधीतरी' म्हणून डब्यात राहिली. नंतर एका थंडीत आजी गेल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डबा भरला. रोज कॉम्प्युटरवर सूचना यायला लागली की जागा संपत आली आहे. जागा का भरते, तेही सांगतो. सामुदायिक रेडिओला परवानगी देताना सरकारची एक अट असते, प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. शिवाय निम्मे तरी कार्यक्रम गावातल्या लोकांच्या सहभागातून करायचे. म्हणजे रोज नवीन रेकॉर्डिंग. वर पोरींनी फोनवर काढलेले व्हिडिओ, ते तर भस्म्या रोग झाल्यासारखे जागा खातात.

तर आम्ही साफसफाई काढली. दिवाळीच्या आधी माळा आवरतो तशी. 'जुनं' नावाचा एक फोल्डर होता, तो डिलीट केला. मनात हेच की डब्यात दोन डिस्क आहेत, एकीवरचं काढलं तर दुसरीवर असणारच. दुकानदारानंही डबा देताना सांगितलं होतं, "ताई, दोन डिस्क आहेत, बिनधास्त राहा." आजींच्या अकराही ओव्या त्या फोल्डरमध्ये होत्या.

कुणी डिलीट केलं ते आम्ही सांगणार नाही. बटण एकीनं दाबलं, पण समजूत आम्हा सगळ्यांचीच तशी होती.

आता ती समजूत कुठं चुकली ते बघू. डब्यातल्या दोन डिस्क आरशासारख्या लावलेल्या असतात. तुम्ही आरशासमोर उभं राहून टिकली लावली की आरशातलीही टिकली लावते. तुम्ही काढली की तीही काढते. त्याच क्षणी, एकदाही न विचारता. एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर लिहिलं जातं, एकीवरचं पुसलं की दुसरीवरचं पुसलं जातं. मग दोन कशाला? तर डिस्क ही फिरणारी वस्तू आहे. आत तबकड्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. फिरणारी वस्तू झिजते. पाण्याची मोटर जळते तशी डिस्कही एक दिवस बंद पडते. अशी एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहावं, एवढ्यासाठीच तो आरसा. मोटर जळाली तर शेतीला दुसरी मोटर, इतकंच. तो तुमच्या चुकीपासून वाचवत नाही. चोरी, आग, पूर, वीज, व्हायरस, यांपैकी कशापासूनच वाचवत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच फडताळात, एकाच छपराखाली असतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हाच कळली. कॉम्प्युटरवर काही डिलीट केलं की ते कचऱ्याच्या टोपलीत जातं, तिथून परत काढता येतं. हे आपल्याला माहीत असतं, म्हणून डिलीट करताना हात जड होत नाही. पण नेटवर्कवरच्या डब्यातलं काही कॉम्प्युटरवरून पुसलं तर ते कॉम्प्युटरच्या टोपलीत जातच नाही. डब्याला स्वतःची वेगळी टोपली असते आणि ती आधी चालू करून ठेवावी लागते. आमची चालू होती. पण जागा करायची म्हणून आम्हीच ती लगेच रिकामी केली.

पंधरा दिवसांनी कुणीतरी आजींची आठवण काढली तेव्हा लक्षात आलं. डिस्क घेऊन शहरात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "पुसल्यावर डबा वापरलात का?" वापरला होता, रोज. तो म्हणाला, पुसलेली जागा लगेच कोरी होत नाही, तिच्यावर फक्त 'रिकामी' अशी पाटी लागते. नवीन सामान आलं की त्या जागेवर लिहिलं जातं आणि मग जुनं कायमचं जातं. म्हणून चुकून काही पुसलं गेलं तर पहिलं काम, डबा व्यवस्थित बंद करायचा. त्यावर आणखी काही टाकायचं नाही. फोनमधलं मेमरी कार्डही तसंच, पुसलं गेलं की फोटो काढणं थांबवायचं आणि कार्ड बाहेर काढायचं. हे आधी माहीत असतं तर चार-सहा ओव्या तरी वाचल्या असत्या, असं तो म्हणाला. आम्हाला त्याचं बोलणं त्या दिवशी लागलं, पण खोटं नव्हतं.

तीन ओव्या मात्र परत मिळाल्या, त्या डब्यातून नव्हे. आजींच्या नातीनं रेकॉर्डिंगच्या दिवशी हट्टानं आमच्याकडून तीन आपल्या फोनवर मागून घेतल्या होत्या. तिनं फोन बदलला तेव्हा जुना फोन भावाला दिला, आणि त्या भावाच्या फोनमध्ये त्या होत्या. नशीब म्हणायचं. आठ गेल्या त्या गेल्या.

आता पुढचं काम. डबा तर मोठा करायचाच होता. पण या वेळी आधी दुसरी प्रत, मग डबा, असा क्रम आम्ही ठरवला. हा क्रम का, ते पुढं कळेल.

आधी जागेचा हिशोब. सामान मोजायचं माप आहे जीबी, आणि १००० जीबी म्हणजे १ टीबी. आमच्या डिस्क २ टीबीच्या, दोन. कुणीही म्हणेल चार झाल्या. पण आरसा लावलाय, त्यामुळं वापरायला मिळतात दोनच. त्यातही कॉम्प्युटरवर बघितलं तर १.८ दिसतं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं दुकानदारानं मारलं. तसं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या मापानं मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या मापानं, त्यामुळं तेवढं कमी दिसतं. कच्च्या आणि पक्क्या मापासारखं समजा. सामान तेवढंच असतं.

रेडिओसाठी आवाज दोन तऱ्हेनं ठेवता येतो. वेव्ह म्हणजे जसा आहे तसा, काहीही न गाळता. त्यात एका तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. एमपीथ्री म्हणजे आटवून, साधारण प्रतीचं असेल तर तासाला ५८ एमबीच्या आसपास. दुधाचा खवा केल्यासारखं आहे हे, जागा अकरा पटीनं वाचते. पण खव्याचं परत दूध होत नाही, हेही लक्षात ठेवायचं. म्हणून आम्ही ठरवलं, रोजच्या घोषणा, बाजारभाव, हवामान हे सगळं प्रसारणानंतर एमपीथ्रीत ठेवायचं. ओव्या, जुन्या माणसांच्या मुलाखती, पुराच्या आठवणी या मात्र वेव्हमध्येच. नुसत्या एवढ्या निवडीनं आमची बरीच जागा मोकळी झाली. तरी पुरणार नव्हती, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घ्यायच्या ठरल्या. डिस्क घेताना चोवीस तास चालणाऱ्या डब्यासाठीची मागा. दोन्ही सारख्या आकाराच्या घ्या. एक २ टीबीची आणि एक ४ ची लावली तर आरशात धाकटीएवढंच दिसतं, मोठीतली निम्मी जागा वाया जाते.

डिस्क बदलायची पद्धत ऐकायला सोपी आहे. एक जुनी काढायची, तिथं नवी मोठी लावायची, डबा उरलेल्या जुनीवरून सगळं नवीवर उतरवून घेतो. ते पुरं झालं की दुसरी जुनी काढायची, तिथं दुसरी नवी. पण यातच सगळा धोका आहे. पहिली जुनी काढल्यापासून नवी भरून होईपर्यंत तुमचं सगळं एकाच डिस्कवर असतं, आणि ती डिस्कही तेवढीच म्हातारी असते. पाच वर्षांची दमलेली डिस्क, तिला सलग काही तास सगळं वाचून दाखवायला लावायचं. नेमकी तेव्हाच ती मान टाकते, असं बऱ्याच जणांच्या वाट्याला आलेलं आहे. म्हणून आधी बाहेर प्रत हवी. तोपर्यंत डब्याला हात लावायचा नाही.

प्रत काढायला आम्ही एक वेगळी डिस्क घेतली, यूएसबीनं जोडतात ती, तळहाताएवढी. तिला डब्याच्याच पाठीमागच्या खाचेत लावलं. वायफायवरून कॉम्प्युटरनं काढायला जाऊ नका, दिवस मोडतील. तारही बघून घ्या. चांगली तार आणि चांगला राउटर असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी जातात, म्हणजे २ टीबीला साडेपाच-सहा तास. राउटर जुना, शंभरच्या वेगाचा असेल तर तेच काम दोन दिवसांवर जातं. डबा बिघडला म्हणून शिव्या द्यायच्या आधी राउटर बघा. आम्ही पहिल्या दिवशी डब्याला भरपूर बोललो होतो.

प्रत झाल्यावर डिस्क बदलायला घेतल्या. डब्याच्या पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवर डब्याचं जे पान उघडतं तिथं, प्रत्येक डिस्कचा लांबलचक क्रमांक दिसतो. तोच क्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. दोन्ही जुळवूनच डिस्क काढायची. एक डिस्क आजारी असेल तेव्हा तर हे फारच जपायचं, कारण घाईत धडधाकट बाहेर काढली आणि आजारी आत राहिली असं होतं. आम्ही दोघी जणी उभ्या राहिलो, एकीनं क्रमांक वाचला, दुसरीनं ताडला. गटाचा हिशोब ताडतो तसा.

नवी डिस्क भरायला आमच्याकडं सगळी रात्र आणि वर अर्धा दिवस गेला. तेवढ्यात लाइट गेली तर? म्हणून डब्याला यूपीएस लावलेला असावा. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो तो छोटा. चांगल्या यूपीएसची एक तार डब्याला जोडता येते, म्हणजे बॅटरी संपत आली की तो डब्याला सांगतो आणि डबा आपलं लिखाण आवरून नीट बंद होतो. लिहिता लिहिता लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं खराब होतं. भाकरी तव्यावर टाकताना हात ओढला तर काय होतं, तसं.

दुसरीही बदलून झाली. दोन्ही दिवे हिरवे. पान उघडलं तर जागा तेवढीच, १.८! आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढा पैसा घालून हे काय. मग कळलं की डिस्क मोठ्या झाल्या तरी आतली खोली डब्यानं वाढवलेली नसते. काही डबे आपोआप वाढवतात, काहींत 'वाढवा' असं बटण दाबावं लागतं. ते दाबलं आणि थोड्या वेळानं ३.६ दिसायला लागलं. त्या दिवशी चहा झाला.

काढलेल्या जुन्या डिस्क फेकू नका, विकूही नका. त्यावर गटांच्या बायकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असतात. आणि त्या साध्या कॉम्प्युटरला जोडून बघायला गेलात तर कॉम्प्युटर म्हणतो, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? नाही म्हणा. डब्याची लिहिण्याची भाषा वेगळी असते, कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतो. हो म्हटलं की सगळं कोरं होतं.

आता दुसऱ्या प्रतीकडं सविस्तर येऊ. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकेतल्या एका छायाचित्रकारानं आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी एक हिशोब सांगितला, तो आता जगभर चालतो. तीन, दोन, एक. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याला हे परकं वाटू नये. विरजण आपण असंच जपतो. आपल्या घरचं दही नासलं की शेजारणीकडून विरजण आणतो, आणि ते मुळात आपल्याच घरून गेलेलं असतं. शेजारणीकडं गेलेलं ते विरजण म्हणजे आपली दुसरी प्रत.

आमची पहिली प्रत डब्यात. दुसरी त्या यूएसबी डिस्कवर, केंद्रातच, पण जोडून ठेवलेली नाही. कपाटात कुलपात. दर सोमवारी जोडायची, डबा बदललेलं तेवढंच तिच्यावर उतरवतो, ते पंधरा-वीस मिनिटांत होतं, मग काढून परत कपाटात. जोडून का ठेवायची नाही? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस आला होता. दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर त्यानं कुलूप लावून टाकले आणि उघडायचे पैसे मागितले. असले व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्कपर्यंत पोचतात. कपाटातल्या डिस्कपर्यंत पोचायला त्यांना हात नाहीत. विजेचंही तेच. कडकडाट सुरू झाला की आम्ही डब्याची लाइटची पिनही काढतो आणि राउटरची तारही. नुसती पिन काढून भागत नाही, वीज तारेतूनही येते.

तिसरी प्रत विट्याला. आमच्यातल्या एकीचं माहेर तिथं आहे, आणि तिकडं कृष्णेचं पाणी येत नाही. आमचं गाव नदीकाठचं, २०१९ ला केंद्राच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं. घरातली प्रत आणि कपाटातली प्रत, दोन्ही एकाच पुरात जातात, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. दर तीन महिन्यांनी ती माहेरी जाते तेव्हा एक डिस्क घेऊन जाते, तिथली परत आणते. डिस्क कापडात गुंडाळून, पिशवीत, मांडीवर. एसटीच्या टपावर नाही.

इंटरनेटवर ठेवायचं का, असं पोरी विचारतात. थोडं ठेवतो. गुगलच्या एका खात्यावर १५ जीबी फुकट मिळतात, त्यात ग्रामसंघाच्या नोंदवह्या, ठराव, कर्जाचे कागद सहज मावतात. पण रेकॉर्डिंग नाही. आपल्याकडचं इंटरनेट वर चढवायला हळू असतं. दहाच्या वेगानं १ टीबी चढवायला नऊ दिवस लागतात, तेही मध्ये एकदाही न तुटता. आणि एक गफलत ध्यानात घ्या, 'सिंक' आणि 'बॅकअप' वेगळे. सिंक हाही आरसाच, इकडं पुसलं की तिकडं पुसतो. बॅकअपमध्ये जुनी प्रत राहते, काल कशी होती, गेल्या आठवड्यात कशी होती, ते मागे जाऊन बघता येतं. डब्यात हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारखे असतात. नाव वाचून निवडा. नोंदवह्या वर चढवताना त्यांना पासवर्ड लावा. दुसऱ्याच्या खात्याचा क्रमांक हा आपल्या ताब्यातला ऐवज आहे. डब्याबरोबर आलेला मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलून टाका, तो सगळ्या जगाला माहीत असतो. नवा पासवर्ड दोघींना माहीत हवा. एकीलाच असेल आणि ती बाळंतपणाला गेली, तर सगळं काम तिच्या फोनवर येऊन अडतं. आमचं अडलं होतं.

आता आमच्यातही एक मोह झाला तो सांगतो. डबा पुन्हा भरायला लागला तेव्हा कुणीतरी सुचवलं, कपाटातल्या डिस्कवर जागा आहे, व्हिडिओ तिच्यावरच ठेवू. तसं केलं की तो व्हिडिओ फक्त तिच्यावरच राहतो, म्हणजे ती प्रत राहत नाही, ती दुसरी कोठी होते. बियाण्याच्या कणगीतून दळण काढायचं नाही, हे आपल्या सासवांनी आपल्याला सांगितलंय. तोच नियम इथं.

डिलीट करण्यावरही आम्ही बंधन घातलं. गटाच्या बँक खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात ना? तसं डब्यातून काहीही काढायचं तर दोघींनी बघायचं आणि वहीत लिहायचं. काय काढलं, कधी, दुसरी प्रत कुठं आहे. टोपली तीस दिवस रिकामी करायची नाही. पोरी हसल्या, एवढ्याला वही? पण वही ठेवल्यापासून तीनदा पुसता पुसता थांबलोय.

शेवटचं काम मात्र सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि तेच राहून जातं. काढलेली प्रत उघडून बघायची. १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं काम चाललं होतं. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाचा मोठा भाग कॉम्प्युटरवरून पुसला गेला. प्रत काढायची व्यवस्था होती. पण ती काही दिवस नीट चालतच नव्हती आणि ते कुणी तपासलं नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन नावाच्या बाईंमुळं. त्यांना नुकतं बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीसारख्या पांघरुणात गुंडाळून गाडीतून जपून कंपनीत आणला. एवढी मोठी कंपनी, आणि सिनेमा सापडला बाळंतिणीच्या घरात. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला आजींच्या नातीचा फोन आठवला.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा, विट्याची डिस्क जायच्या आधी, आम्ही वेगळ्या कॉम्प्युटरला ती लावतो. डोळे मिटून पाच फायली निवडतो. उघडतात का, पूर्ण वाजतात का, मधेच खरखर येते का, ते ऐकतो. नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही, नाव असतं आणि आत काही नसतं असंही होतं. गेल्या खेपेला एक नोंदवही उघडली नाही. डब्यात मूळ होती, म्हणून परत उतरवून घेता आली.

ओव्यांचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आधी कागदावर लिहून, पुढं काही आवाजातही. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, काही ऐकायलाही. आमच्या पोरी तिथं आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं शोधत बसतात. आजींच्या पुराच्या ओव्या मात्र तिथंही नाहीत. त्या आजींनी २०१९ नंतर रचल्या होत्या आणि त्यांच्यानंतर कुणाला पाठ नाहीत.

त्या रेकॉर्डिंगच्या दोन्ही दुपारी अंगणात बऱ्याच जणी बसल्या होत्या आणि बहुतेकींच्या हातात फोन होते. तुमच्यापैकी कुणी तिथं असाल, किंवा तुमच्या सुनेचा, लेकीचा जुना फोन घरात बंद पडून असेल, चार्जिंग होत नसेल, काच फुटलेली असेल, तरी फेकू नका. सोमवारी बाजाराच्या दिवशी येताना पिशवीत टाकून आणा. फोन चालू नसेल तरी चालेल, आतलं बघायला आम्ही प्रयत्न करू. अकरापैकी पहिली, दुसरी आणि सातवी आमच्याकडं आहे. बाकीच्या आठांतली एखादी सापडली तर तुमच्यासमोरच तिच्या तीन प्रती काढू, आणि एक तुमच्याही फोनमध्ये टाकून देऊ.